चार सव्वा पाच

अबोला मी धरला होता, सर. धरला मी, तर सोडायचाही मीच, इतका साधा नियम होता. सहा महिने मी तो नेटाने सांभाळला. स्टाफरूममध्ये तुमच्या समोरच्याच खुर्चीवर बसून वर्तमानपत्र असं उभं धरलं की तुमचा चष्मासुद्धा दिसू नये. दिवाळीत तुमचा फोन आला, तो वाजू दिला. आणि मनाशी ठरवलं होतं की संक्रांतीला तिळगुळाची वडी तुमच्या हातावर ठेवायची, ‘गोड बोला’ हे जरा खोचून म्हणायचं आणि साठलेलं सगळं भांडण एका दमात भांडून घ्यायचं. संक्रांतीला तीन आठवडे उरले होते. तेवढा दम तुम्हाला निघाला नाही.

मला दुःख झालंय की राग आलाय हे अजून नीट कळत नाही. आज शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर सभागृहात तुमची शोकसभा झाली. तिथून घरी आले, चपला काढल्या आणि चहाही न टाकता हे लिहायला बसले. त्यावरून रागच असावा.

काय काय बोलले लोक! मुख्याध्यापकांनी तुम्हाला ‘गणिताचा दीपस्तंभ’ केलं. संस्थेचे अध्यक्ष उशिरा आले आणि त्यांनी घाईघाईत साळवे सरांचे साळुंखे सर केले, तेही दोनदा. दहावीचा निकाल, जादा तास, शिस्त, एकही रजा नाही. जूनमध्ये लागलेले विज्ञानाचे सर, ज्यांना तुम्ही धड सहा महिनेही ओळखत नव्हतात, ते रडले. मी स्पीकरच्या वायरी धरून कोपऱ्यात उभी होते आणि मनात विचारत होते, अहो, हे कुणाविषयी चाललंय? वर्गात पाढे गायला लावणारा, माझी पेटी मांडीवर घेऊन एका बोटाने सा शोधणारा, सायन्स लॅबमधून स्टॉपवॉच पळवून आणणारा माणूस कुठे गेला? त्याच्याबद्दल एक वाक्य? नाही म्हणजे नाही.

तसं व्हायला नको म्हणूनच मी परवा केबिनमध्ये गेले होते. म्हटलं, शोकसभेत आठवी ब ची मुलं सरांचा आलेख वाजवतील, तीन मिनिटांचं काम आहे.

“तांबोळी बाई, शोकसभेत गाणंबजावणं बरं दिसत नाही,” मुख्याध्यापक म्हणाले.

“गाणं नाही सर, आलेख आहे.”

“मग आलेखाचा कागद लावा की फोटोशेजारी. आवाज कशाला?”

“त्या आलेखाला आवाजच आहे, सर.”

“बाई, संस्थेची माणसं येणार. दोन भाषणं, दोन मिनिटं स्तब्धता, संपलं. तुम्ही तेवढं माइक-स्पीकरचं बघा.”

शाळेत संगीताची बाई म्हणजे माइक-स्पीकरचं बघणारी बाई. झेंडावंदन असो, हळदीकुंकू असो की शोकसभा. मी ‘हो’ म्हटलं. त्या ‘हो’चं पुढे काय झालं ते शेवटी सांगते, कारण ते ऐकून तुम्ही हसणार, आणि मला आत्ता तुमचं हसू नकोय.

आधी भांडण. आपली ओळखच भांडणाने झाली. शाळेचं वेळापत्रक तुम्ही करायचात. जूनमध्ये मोठा कार्डशीट टेबलावर पसरून, मोजपट्टीने चौकटी आखून, सगळं पेन्सिलीने. शाई कधीच नाही. आणि परीक्षा जवळ आली की तुमचं खोडरबर सगळ्यात आधी माझ्याकडे वळायचं. संगीत, चित्रकला आणि पी.टी. म्हणजे पडीक जमीन, कुणीही यावं आणि नांगर घालावा. नोकरीच्या पहिल्याच डिसेंबरात मी पेटी उचलून वर्गावर गेले, तर फळ्यावर तुम्ही त्रिकोण काढत होतात. मी दारात उभी. तुम्ही वळून म्हणालात, “बाई, आजचा तास मला द्या.” मी म्हटलं, “द्या कसलं? घेऊन तर आधीच बसलायत.” मुलं हसली. तुम्हीही हसलात, पण तास काही परत दिला नाहीत.

पुढची कितीतरी वर्षं आपलं असंच चाललं. मग तो एप्रिल आला. परीक्षा संपल्या होत्या, मुलं घरी, शाळेत नुसती उत्तरपत्रिकांची धूळ. किसनमामा निरोप घेऊन आले, “साळवे सरांनी बोलावलंय कॉम्प्युटर रूममध्ये. पेटी घिऊन या म्हणे.” शिपाई माणसाला काय विचारणार? मी पेटी घेऊन आले. तुम्ही आलेख काढायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उघडून बसला होतात आणि त्याला आपल्या स्नेहसंमेलनाचा तो मोठा स्पीकर जोडला होतात. तोच, ज्याची जाळी नाटकातल्या मावळ्याचा भाला लागून फाटली आहे आणि आतला काळा कागदी पडदा उघडा पडला आहे.

“बाई, सा म्हणजे किती?”

आयुष्यात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सा कसा लावायचा ते विचारतात, सा किती ते नाही. पण संगीताच्या परीक्षेला घोकलेलं कामाला आलं. म्हटलं, “सेकंदाला दोनशे चाळीस आंदोलनं.” तुम्ही साइनचं सूत्र टाकलंत. वर मला शिकवलंत की साइनला आपल्याकडे ‘ज्या’ म्हणायचे, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि दोरी आहे म्हटल्यावर छेडली की ती वाजणारच. पडद्यावर लाट उमटली. तुम्ही आवाजाचं बटण दाबलंत.

काहीच नाही. तुम्ही आवाज वाढवलात. तरी काही नाही. तुम्ही डोळे मिटून मान पुढे केलीत, म्हणून मीही केली. आणि तुम्ही इतक्या आशेने माझ्याकडे बघत होतात, शिवाय संगीताची बाई मी, मलाच ऐकू आलं नाही असं कसं म्हणू? मी म्हणाले, “आहे सर. फार खालचा खर्ज आहे, पण आहे.” तुम्ही लगेच मान डोलावलीत, “हो, हो, मलाही जाणवतोय.” आपण दोघं शहाणी माणसं चांगली पाच मिनिटं तो खर्ज ऐकत बसलो. मग किसनमामा चहा घेऊन आले आणि दारातच थबकले.

“काय ऐकून ऱ्हायले सर तुम्ही? आवाज कुठं हाये? त्यो पडदा नुस्ता फडफड करून ऱ्हायला.”

आपण दोघांनी पाहिलं. फाटक्या जाळीतून तो काळा पडदा खरंच थडथड हलत होता, मुकाट. तुम्ही कपाळावर हात मारलात. “अंश! बाई, हे अंशात राहिलं!” मग मला समजावलंत. यंत्राला कोन अंशात घ्यायचा की रेडियनमध्ये हे सांगावं लागतं. लाटेच्या सूत्राला रेडियन हवं. पण दहावीपर्यंत रेडियन येतच नाही, जन्मभर अंश शिकवलेले, हात आपोआप अंशाकडेच गेला. त्यामुळे दोनशे चाळीस वेळा हलायची ती लाट सेकंदाला जेमतेम चार वेळा हलत होती. आणि माणसाच्या कानाला साधारण विसाच्या खालचं काही ऐकूच येत नाही.

“मग बाई, तुम्ही काय ऐकलंत?”

“आणि तुम्हाला काय जाणवलं?”

किसनमामांनी चहा ठेवला आणि हसू दाबत निघून गेले. तुम्ही अंश काढून रेडियन लावलंत आणि सा आला. सरळसोट, ना भाता ना गळा, पण सा. मी पेटीची पट्टी दाबून पाहिली आणि अंगावर काटा आला. त्यानंतर ही गोष्ट तुम्ही शाळेत प्रत्येकाला सांगितलीत. “आमच्या बाईंना सेकंदाला चारचा खर्ज ऐकू येतो.” दर वर्षी नव्या आठवीला पहिल्या तासाला ती गोष्ट. मी चिडायचे. आता कोण चिडवणार आहे मला?

त्या दुपारी घरी जायचं राहिलं. तुम्ही विचारलंत, ग किती? मी पुस्तकातलं म्हणून दाखवलं, तीनशे एक पूर्णांक सतरा त्रेचाळिसांश. तुम्ही खुर्चीतून उठलात. “त्रेचाळीस? बाई, हा आकडा कुठून आणलात?” मी म्हटलं, “परीक्षेत मार्क मिळतात त्याला, जास्त विचारू नका.” तुम्ही एका ओळीत नुसता तीनशेचा ग टाकलात, दुसऱ्या ओळीत माझा सतरा त्रेचाळिसांशवाला, आणि दोन्ही एकदम वाजवले. आवाज फुगायला लागला आणि ओसरायला लागला, फुगायचा, ओसरायचा.

आणि मी घोटीला पोचले. बाजारपेठेत भाताच्या गिरणीशेजारी अब्बांचं पेटी दुरुस्तीचं दुकान. आसपासच्या भजनी मंडळांच्या पेट्या यायच्या. अब्बा दोन सूर एकदम धरायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, “डोलतोय बघ.” मग पितळी पट्टीवर कानस फिरवायची, अगदी हलकी, की डोल मंदावायचा. पुन्हा कानस, पुन्हा कान. डोल थांबला की म्हणायचे, “आता दोघं एका घरचे झाले.” हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही लगेच दोन्ही लाटांची बेरीज करून पडद्यावर काढलीत, आणि तो डोल मला दिसला. मधे फुगीर, कडेला बारीक, पुन्हा फुगीर. तुम्ही म्हणालात, “हे फुगवटे म्हणजे दोन आकड्यांची वजाबाकी. तुमचे अब्बा कानाने वजाबाकी करत होते, बाई. शून्य येईपर्यंत.”

अब्बा तिसरी शिकले होते. आयुष्यभर लोक त्यांना ‘पेटीवाला’ म्हणाले. त्यांना गणित येत होतं असं म्हणणारे तुम्ही पहिले आणि शेवटचे. या एका वाक्यासाठी मी तुमचे सगळे खाल्लेले तास माफ केले होते, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? तुम्ही तरी कुठे सगळं सांगत होतात!

पण खरी मजा तर पुढेच होती. दोनशे चाळीस आणि तीनशे हे आकडे वहीत शेजारी लिहून तुम्ही बघत राहिलात आणि एकदम टेबलावर थाप मारलीत. “सव्वा! बाई, ग म्हणजे सव्वापट सा!” मग तीनशे साठचा प. “दीडपट!” वरचा सा दुप्पट. तुमची आई सायखेड्याच्या बाजारात धान्य मोजायची. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण सवायकी, दीडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. ते तिने तुमच्याकडून पाठ करून घेतले, आणि तुम्ही लिहून ठेवायला वही मागितलीत तर म्हणाली, “सव्वा म्हंजी येक आन् वर पाव. त्याला काय वही लागत नाय.” हे सांगताना तुमचा आवाज तिच्यासारखा झाला होता, एरवी तुम्ही किती पुस्तकी बोलायचात.

त्या जूनपासून गुरुवारचा पाचवा तास आपला दोघांचा झाला. आठवी ब, कॉम्प्युटर रूम. कागदावर तो संगीताचा तास होता आणि त्यात गणित तुम्ही फुकट शिकवत होतात. उलट घडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मुलं सूत्र टाकायची, सा वाजत ठेवायची, आणि त्यावर गांधारात सवायकी म्हणायची. एक सव्वा सव्वा, बे सव्वा अडीच, तीन सव्वा पावणेचार, चार सव्वा पाच. दीडकी पंचमात. ज्या मुलांना पावणेचार म्हणजे किती ते सांगता येत नव्हतं, ती मुलं ते सुरात म्हणत होती. माझा तीनशे एक पूर्णांक सतरा त्रेचाळिसांशही तुम्ही वाया घालवला नाहीत. स्टॉपवॉच लावून डोल मोजायला लावलंत, त्रेचाळीस सेकंदांत बरोबर साठ. मुलींच्या गटाचे साठ आले, मुलांच्या गटाचे एकोणसाठ, त्यावरून तास संपेपर्यंत भांडण.

आणि मध्यम! मध्यमावरून आपण दोघं कसले भांडलो! म तीनशे वीस, म्हणजे एक आणि एक तृतीयांश. तुम्ही हिरमुसलात. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, सगळ्यांचे पाढे आहेत, तिसऱ्या हिश्श्याला मात्र कुणी विचारलेलं नाही. दोन गुरुवार तुम्ही आलेखात मध्यम घातलाच नाहीत. मी म्हटलं, “तुमच्या आईच्या पाढ्यात नाही म्हणून माझा मध्यम बेघर करणार? निम्मी गाणी जातील, सर!” शेवटी तोंड वाकडं करून तीनशे वीस टाकलंत आणि म्हणालात, “पाढा मी करतो. चालीत बसायला पाहिजे, म्हणून वेळ लागेल.” लागला वेळ. तो पाढा तुम्ही केलाच नाहीत.

आता या वर्षीचा जून. हा विषय टाळता येणार नाही, सर, तुम्ही आता उठून जाऊ शकत नाही.

नव्या आठवी ब चे जेमतेम दोन गुरुवार झाले होते, सवायकी नुकती गांधारात बसली होती, आणि संस्थेला आठवीपासून गणिताचे जादा तास हवे होते. सभेत मुख्याध्यापक म्हणाले, “गुरुवारचा पाचवा तास घेऊ. कुणाची हरकत?” मी बोलले नाही, कारण मी बोलून काय होतं ते मला ठाऊक होतं. संगीताच्या बाईची हरकत म्हणजे पंख्याचा आवाज. मी तुमच्याकडे पाहिलं. त्या शाळेत तुमच्या शब्दाला वजन होतं. तुम्ही एवढंच म्हणायचं होतं की त्या तासाला मुलं आधीच गणित करतायत, माझ्या उभ्या आयुष्यात शिकवलं नसेल इतकं चांगलं. एक वाक्य, सर. तुम्ही हातातल्या पेन्सिलीचं टोक बघत राहिलात. सेकंदाला चारचा खर्ज ऐकणारे तुम्ही, समोर बसलेली मी तुम्हाला ऐकू आले नाही?

नंतर वेळापत्रक भिंतीवर लागलं. त्या चौकटीत ‘गणित (जादा)’. पण जवळ जाऊन पाहिलं तर खाली पुसट ‘संगीत’ वाचता येत होतं. तुम्ही खोडरबर असा फिरवायचात की कागदाची सालं निघायची, आणि इथे मात्र नुसतं फुंकर घातल्यासारखं. तुम्हाला वाटलं असेल की बाई बघतील आणि समजून घेतील. बघितलं. समजलंही. म्हणूनच जास्त राग आला. पूर्ण खोडलं असतं तर एक शत्रू मिळाला असता. तुम्ही ना धड खोडलंत, ना धड ठेवलंत. चार दिवसांनी जिन्यात गाठून म्हणालात, “बाई, पुढच्या सत्रात बघू.” मी उत्तर दिलं नाही. तिथून अबोला.

तुम्ही प्रयत्न केलेत, नाही असं नाही. माझ्या टेबलावर किसनमामांच्या हातून चहा पाठवायचात. एकदा मी ऐकावं म्हणून मुद्दाम मोठ्याने नव्या सरांना तो खर्जाचा किस्सा सांगितलात. मी उठून बाहेर गेले. मी बरोबर होते, सर, अजूनही बरोबरच आहे. पण रविवारी नाशिकरोडला तुमच्या घरी बुद्धवंदना चालू असताना मी मागे उभी होते, आणि वहिनी माझा हात धरून म्हणाल्या, “रोज घरी येऊन सांगायचे, आज पण बाई बोलल्या नाहीत.” रोज! हे तुम्ही घरी रोज सांगत होतात, आणि सभेत एकदा तोंड उघडवलं नाही तुम्हाला? काय बोलू मी त्या बाईशी? मी रडले, आणि रडता रडतासुद्धा तुमच्यावर चिडले.

परवा तर कहर झाला. गुरुवारी तुमचा जादा तास मोकळा पडला, म्हणून ऑफ तासाला कुणाला पाठवलं? मला. पाचवा तास, आठवी ब. माझा स्वतःचा तास मला तुमची बदली म्हणून मिळाला! वर्गात गेले तर मुलं चिडीचूप. एका मुलीने हात वर केला, “बाई, गणित की गाणं?”  मी म्हटलं, “चला, कॉम्प्युटर रूम.” सहा महिन्यांत कुणी ते मशीन उघडलं नव्हतं. तुमची फाइल तशीच होती, सा, ग, प, वरचा सा, आणि सगळ्यात खाली नाइलाजाने टाकलेला म. मुलं गांधारात सवायकी म्हणायला लागली. पावणेचारला सगळ्यांचा आवाज फाटला. त्याच तासानंतर मी केबिनमध्ये गेले होते.

आता आजचं सांगते. हसायचं असेल तर हसा.

भाषणं संपली. मी कोपऱ्यात लॅपटॉपपाशी उभी होते, माइक-स्पीकरचं बघत. मावळ्याचा भाला लागलेला स्पीकर व्यासपीठाच्या कडेला, फाटकी जाळी मुलांकडे तोंड करून. समोरच आठवी ब बसलेली. तो मीच तसा ठेवला होता. मुख्याध्यापक म्हणाले, “आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून सरांना श्रद्धांजली वाहू या.” सगळे उभे राहिले, माना खाली. परवाच लॅपटॉपवर उतरवून घेतलेली तुमची फाइल मी उघडली. रेडियन काढलं. अंश लावले. आणि दोनशे चाळीस वाजवला.

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पडदा हलायला लागला, सेकंदाला चार, थडथड, मुकाट. अध्यक्षांची मान खाली, मुख्याध्यापकांचे डोळे मिटलेले, त्यांच्यापासून चार हातांवर तुमचा सा पूर्ण आवाजात चालू होता. आठवी ब च्या मुलांच्या माना आधी खाली होत्या. मग एकीने पाहिलं. तिने शेजारणीला कोपर लावलं. बघता बघता सगळा वर्ग मान वर करून स्पीकरकडे बघत होता. गोष्ट त्यांना पाठ आहे, तुम्हीच सांगितलेली. मला वाटलं आता कुणीतरी फिसकन हसणार आणि माझी नोकरी जाणार. कुणी हसलं नाही, सर. एकही नाही.

एक मिनिट झाल्यावर मी दुसरी ओळ चालू केली, तीनशे. आता सा चार वेळा हलत होता तेवढ्यात ग पाच वेळा, आणि दर फेरीला दोघं एकदम समेवर येत होते. समेवर पडदा खोल जायचा. मुलांच्या ओठांकडे माझं लक्ष गेलं. आवाज नाही, नुसते ओठ. चार सव्वा पाच. चार सव्वा पाच. मागे दाराशी किसनमामा उभे होते, त्यांनी पडदा बघितला, मला बघितलं आणि टोपी काढून तोंडावर धरली.

दोन मिनिटं संपली. मी बटण बंद केलं. मुख्याध्यापकांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, “इतकी शांतता आपल्या शाळेत मी आजवर पाहिली नाही. सर्वांचे आभार.” आता हसलात ना? मला माहीत होतं.

निघताना मी स्टाफरूममध्ये गेले. वेळापत्रकासमोर उभी राहिले. पर्समधलं निळं पेन काढलं आणि गुरुवारच्या पाचव्या चौकटीत तुमच्या ‘गणित (जादा)’खाली जे पुसट अक्षर तुम्ही ठेवलं होतंत, ते एकेका रेषेवरून गिरवलं. संगीत. शाईने. तुमचं गणित खोडलं नाही, ते वर तसंच आहे. एका चौकटीत दोन विषय चालत नाहीत म्हणे. सोमवारी मुख्याध्यापक विचारतील, ‘हे कुणी लिहिलं?’ मी सांगेन, अक्षर सरांचं आहे, शाई माझी. आणि या वेळी हरकत विचारली तर गप्प बसणार नाही. मीसुद्धा जूनच्या त्या सभेत गप्पच बसले होते, हे मला आज गिरवताना आठवलं.

मध्यमाचा पाढाही मीच करणार आहे. चालीत बसवायचं काम माझं, चुकला तर दोष तुमचा. संक्रांतीला तुमच्या खुर्चीसमोर तिळगूळ ठेवणं वगैरे माझ्याच्याने होणार नाही, असली नाटकं मला जमत नाहीत. वडी किसनमामांना देईन.

राग गेलेला नाही, सर, इतक्यात जायचाही नाही. पण अबोला मी आज सोडला, भर सभेत, सगळ्या शाळेदेखत, पूर्ण आवाजात. तुम्हाला ऐकू आलं असेल तर आता तुम्ही बोला.